शिवारफेरीतली पाटी

माझ्या हुशारीचा हा किस्सा माझ्याच तोंडून ऐका. नाते नावाच्या गावात कुणाला विचारलंत, तर ते याहून जास्त रंगवून सांगतील.

मी तेव्हा महाड तालुक्यात नवा कृषी सहायक होतो. पदवी ताजी, मोटारसायकल ताजी, आणि आत्मविश्वास? तो तर विचारूच नका. भाताला मुठीनं युरिया फेकू नका, खताच्या गोळ्या वापरा, हे मी गावोगाव सांगायचो. चार चुडांच्या, म्हणजे भातरोपांच्या झुबक्यांच्या, मधे चिखलात एक गोळी दाबायची. खत कमी लागतं, पावसाबरोबर वाहून नदीत जात नाही आणि पीकही चांगलं येतं.

दुबईची नोकरी सोडून गावी परतलेल्या हमीदभाईंनी त्यांचं एक शेत मला प्रयोगाला दिलं. जुलैत लावणी झाली, गोळ्या दाबल्या आणि बांधावर मी पाटी ठोकली: 'प्रात्यक्षिक – खताच्या गोळ्या'.

सप्टेंबरात शिवारफेरी ठेवली. तीसेक शेतकरी घेऊन बांधावर आलो, तर पाटीमागचं शेत काळंभोर हिरवं! शेजारचं मात्र फिकट. मी सुरूच झालो.

"बघा, ही गोळीची कमाल. आणि हे बाजूचं बघा. मुठीनं युरिया फेकला की असं होतं."

"साहेब, जरा ऐका," हमीदभाई म्हणाले.

"हमीदभाई, प्रश्न शेवटी."

"प्रश्न नाय हो, ती पाटी..."

"पाटीचा फोटो काढणारच आहे. तुम्ही तिच्याजवळ उभे राहा."

ते पाटीजवळ जाऊन उभे राहिले. पाटीमागच्या शेताजवळ यशवंतकाका नावाचे गृहस्थ उभे होते. त्यांचा चेहरा का खुलला होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

पंधरा दिवसांनी वारा-पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी मी गेलो, तर ते हिरवंगार शेत भुईसपाट. एवढंच नाही, गावातली आणखी आठ-दहा शेतं आडवी. फक्त ते फिकट शेत ताठ उभं.

"हे काय झालं, हमीदभाई?"

"साहेब, ऑगस्टच्या पुरात पाटी उखडली. कुणीतरी उचलून यशवंताच्या बांधावर लावली. फिकट हाय ते आपलं. तुम्ही वाखाणलंत ते यशवंताचं. त्यानं दुप्पट युरिया टाकलावता. युरिया जास्त झाला की भात उंच वाढतो, पण काडी नरम, वाऱ्यात झोपतो."

"मग बाकीच्यांची का पडली?"

"सगल्यांना ठावूक होतं ना ते यशवंताचं हाय, दुप्पट युरियाचं. साहेब एवढं वाखाणतात म्हणून सगल्यांनी घरी जाऊन युरिया फेकला."

मी बांधावरच बसलो. पाटी वाचली होती, पण उभ्या पिकाकडे नीट बघितलं नव्हतं. लोकांची वर्षभराची चूल त्या भातावर, आणि तो माझ्या एका भाषणानं झोपला होता. मग पँट दुमडली आणि दोन दिवस सगळ्यांबरोबर शेतात उतरून आडवे चूड उचलून त्यांच्या जुड्या बांधल्या. बराच भात वाचला. शिव्या कुणी दिल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

कापणीला आमचे तालुक्याचे साहेब आले. हमीदभाईंचं शेत गावात सगळ्यात जास्त पिकलं होतं. साहेब खूश झाले.

"वा, हमीदभाई! आमच्या या सहायकाचं सगळं ऐकलंत वाटतं?"

हमीदभाई माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "जुलैत बोलले ते सगलं ऐकलं, साहेब. सप्टेंबरात बोलले ते नाय ऐकलं."