सापसुरळीची शेपटी

बांधाला बांध लागलेले आमचे शेजारी आबा तसे देवमाणूस. माझ्या आईला चक्कर आली, तेव्हा तिला निमगावातून बारामतीच्या दवाखान्यात त्यांनीच पोचवलं. पण रानात सापसुरळी दिसली, की त्यांची चप्पल पायातून हातात येते.

"सापाची मावशी हाय ती. चावली तर माणूस पानी मागत न्हाय!"

"किडे खाऊन जगते ती, आबा. आपल्याच उसावरचे."

"मग काय देव्हाऱ्यात बसवू?"

परवा त्यांचा ऊस तुटून गेला. रानभर वाळका पाला, पाचट पडलेलं. त्यात एक सापसुरळी निघाली. पहिल्याच फटक्याला तिची शेपटी तुटून वळवळायला लागली आणि ती स्वतः पाचटाखाली शिरली. आबा शेपटीलाच बडवत राहिले. दर वेळी असंच होतं.

"मेली का रं?"

"मेली," मी म्हणालो. ती वाचावी म्हणून खोटं बोललो.

आबांनी चप्पल पायात घातली, वारा बघितला आणि दर वर्षीसारखी पाचटाला काडी लावली. मी थांबा म्हणणार होतो. पण आईला दवाखान्यात नेणारा माणूस तो. गप्प बसलो.

घटकाभरात माझं खोटं खरं झालं.