वच्छलाबाईच्या वालाचं बी

साक्रीजवळच्या आमच्या गावात वालाचं बी हवं असलं की बाया वच्छलाबाईकडे जातात. पंचवीस वर्षं झाली. बाई फटकळ, बी नको पण बोलणं आवर, असं वाटायला लावणारी. पण बी फुकट देते, आणि त्याचा तिला भारी अभिमान.

तीन वर्षांपूर्वी गावभर वालावर करपा आला. पानांवर तांबूस ठिपके, मग शेंगांवर, मग वेल वाळायला लागले. फवारण्या झाल्या, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. वच्छलाबाईने आधी ढगाळ हवेला शिव्या घातल्या, मग शेजारच्या भटूला.

कृषी सहायक मृणालीताई पाहणीला आल्या. त्यांनी विचारलं, "बी कोणत्या शेंगांचं धरता?"

वच्छलाबाईने सांगितलं, चांगल्या शेंगा बाजारात जातात. डागाळलेल्या कोणी घेत नाही, म्हणून त्या वेलावरच वाळू द्यायच्या आणि त्यांचं बी ठेवायचं. तिची सासूही तेच करायची. रोग बियातूनच पुढे जातो, असं ताईंनी सांगितलं आणि वच्छलाबाई खालीच बसली. मला तिची फार दया आली.

त्याच संध्याकाळी ती घरोघर फिरली. "रोग मन्हा बी मझार शे. वेल उपटीसन जाळी टाका." आपल्याच बियात रोग आहे, असं आपल्या तोंडाने सांगायला छाती लागते. बाया ऐकून घेत आणि कामाला लागत.

तिने आपल्याही शेतातला वाल उपटून जाळला. बांधाकडचे वीस निरोगी वेल तेवढे बियासाठी राखले, त्यांना खुणेच्या चिंध्या बांधल्या आणि सून दिपमालालाही त्यांची शेंग तोडू दिली नाही. ओल्या पानांना हात लागला की रोग पसरतो, म्हणून दव वाळेपर्यंत शेतात पाऊल नाही. मग बाकीची भाजी तोडायला उशीर होऊन बाजाराची सकाळची गाडी रोज चुकायची. पुढच्या वर्षी त्या वेलांचं बी ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाला रोखणारी बुरशी, चोळून दुसऱ्या तुकड्यात पेरलं. एक ठिपका आला नाही.

यंदा डबाभर बी तयार होतं. दसरा उलटला, पेरणीची वेळ झाली तरी मागायला कोणी येईना. ती ओट्यावर बसून राहायची आणि कोणाची वाट पाहत नाही असं दाखवायची.

चौथ्या दिवशी गावातली इंदिराबाई आली. तिचा तर सगळा वाल गेला होता.

"दुकानमाईन लई ये ना बी," वच्छलाबाई मान वळवून म्हणाली. दुकानातूनच आण म्हणे.

"दुकानवाला घर ईसन सांगी का, बी खराब शे म्हणून?" इंदिराबाईने पदर पसरला. वच्छलाबाई तिच्याही घरी येऊन सांगून गेली होती.

वच्छलाबाईला रडू आलं. तशीच ती डबा आणायला आत गेली.