एका निबंधाच्या दोन वह्या

सांगलीला कॉलेजात असताना आमच्या निबंधांच्या वह्या प्राध्यापकांकडे नेणारा-आणणारा एक शिपाई होता. माणदेशाकडचा, उंच, कायम अनवाणी. त्याला अक्षरओळख नव्हती, पण वही कधी चुकली नाही. कुणाच्या वहीवर तेलाचा डाग, कुणाचा कोपरा दुमडलेला, एवढ्यावरून तो मालक ओळखायचा. तपासलेली वही देताना हळूच म्हणायचा, "लय तांबडं केलंय बगा. आदी कपभर च्या घ्या, मग उघडा."

माझे दोन प्राध्यापक दोन टोकांचे. एकांना भाषा भारदस्त हवी, दुसरे नेमकी तीच खोडायचे. मला दोघांचीही शाबासकी हवी होती. महायुद्धामुळे कागद मिळेना, तरी मी एकाच निबंधाच्या दोन वह्या केल्या. एक ह्यांच्यासाठी, एक त्यांच्यासाठी.

एके दिवशी दोघांनी त्या वह्या शेजारी शेजारी ठेवून मला बोलावलं.  मी म्हणालो, "एक कच्ची होती, सर. शिपायानं चुकून दिली."

तो दारातच उभा होता. दोघं त्याच्यावर कडाडले. त्यानं एकदाच माझ्याकडं बघितलं. "व्हय साहेब. चुकलं माझं."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते भारदस्तही असायची गरज नव्हती. मी दोन्ही वह्या उचलून बाहेर पडलो.

पुढच्या आठवड्यात मी त्याच्या हातात वही दिली. डाग, कोपरा, काहीच न पाहता त्यानं ती माझ्यासमोर परत धरली.

"नीट बगून द्या, दादा. आमी अडाणी माणसं. चुकतं आमचं."