रेषाकाकांचे दोन बॉक्स

ज्यांना सगळे मैदान रेषाकाका म्हणून ओळखत असे, ते १९३८ साली जन्मले आणि २००९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, अल्पशा आजाराने वारले. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते लघुलेखक होते. रविवारी मात्र फुटबॉलच्या सामन्यांत रेषापंच म्हणून हाती निशाण घेऊन मैदानाच्या कडेने धावत. हे दुसरे काम त्यांनी एकतीस वर्षे केले. १९९६ सालच्या तीन दिवसांची हकिगत येथे नोंदवीत आहे. पंचमंडळाच्या बैठकांचे इतिवृत्त लिहिण्याचे काम तेव्हाही माझ्याकडेच होते. त्यामुळे सोमवारचे मी स्वतः पाहिले, आणि शनिवार-रविवारचे त्यांच्या पत्नीने व मेहुण्याने मला निरनिराळ्या वेळी सांगितले. दोघांच्या सांगण्यात फरक पडला नाही.

काकांचा काटेकोरपणा सर्वश्रुत होता. सामन्याआधी ते चुन्याची प्रत्येक रेषा पायाखाली घालून पाहत आणि ती बोटभर जरी वाकडी असली, तरी माळ्याला पुन्हा आखायला लावत. काकू म्हणत, की यांच्या घरात चपलासुद्धा ऑफसाइड होण्याच्या भीतीने भिंतीला चिकटून उभ्या असतात.

त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात एकसष्टाव्या मिनिटाला लांबून मारलेला चेंडू गोलच्या आडव्या दांड्याला लागून खाली आपटला आणि बाहेर उडाला. मुख्य पंचाने काकांकडे पाहिले. काकांनी निशाण दाखवले, गोल दिला गेला, आणि त्या एका गोलावर सामना संपला. हरलेल्या क्लबच्या सचिवाने दुसऱ्याच दिवशी लेखी तक्रार केली, की रेषापंच विकला गेला होता. मंडळाने सोमवारी चौकशी ठेवली. आरोप शाबीत झाला असता, तर काकांचे नाव यादीतून कायमचे गेले असते, आणि तेही लाचखोर म्हणून. कचेरीतले शिपाईदेखील त्यांच्यासमोर बोलणे आवरते घेऊ लागले होते.

चेंडू आत गेला होता याविषयी काकांना तिळमात्र शंका नव्हती. अडचण पुराव्याची होती. एका स्थानिक वाहिनीचा कॅमेरा गोलखांबाशेजारी, थेट गोलरेषेच्या सरळ रेषेत ठेवलेला होता. ती वाहिनी हा सामना रविवारी सकाळी दहाला एकदाच पुन्हा दाखवणार होती आणि त्यानंतर आपल्या प्रथेप्रमाणे ती फीत पुसून दुसऱ्या कामाला घेणार होती. आणि नेमके दहा वाजताच दुसऱ्या वाहिनीवर त्या सचिवाची थेट मुलाखत होती. तीत तो सारे उघड करणार होता. पहिल्या वाहिनीवरचा सामना मुद्रित करणे भाग होते, आणि सोमवारी उत्तर देता यावे म्हणून दुसरीवरचा आरोप शब्दशः ऐकणेही भाग होते.

काकूंचा धाकटा भाऊ टीव्ही दुरुस्त करीत असे. शनिवारी सायंकाळी तो दुसरा केबल बॉक्स घेऊन आला. भिंतीतून येणारी तार त्याने दोन फाट्यांत विभागली. एक फाटा पहिल्या बॉक्समधून व्हीसीआरकडे नेला, दुसरा नव्या बॉक्समधून थेट टीव्हीकडे. पहिल्या बॉक्सवर चौदा क्रमांक लावला, दुसऱ्यावर एकतीस. काकांनी प्रत्येक तारेला कागदाची चिठ्ठी बांधली आणि तालीम घ्यायला लावली. दहा मिनिटे टीव्हीवर वाहिन्या बदलून पाहत मुद्रण केले आणि कॅसेट मागे फिरवून लावली. चौदा नंबरचे एक चित्र तीत नव्हते. हवामान, जाहिरात, कुणाचे तरी गाणे, असे तुकडे तेवढे होते.

दोन्ही बॉक्स एकाच कंपनीचे असल्यामुळे एकाच रिमोटचा हुकूम दोघेही पाळत होते. टीव्हीसाठी वाहिनी बदलली, की व्हीसीआरच्या बॉक्सवरही ती बदलत होती.

मेहुणा म्हणाला, “ताई, एका हाकेला दोघं उठतात असं या घरात पहिल्यांदाच घडतंय.”

काकूंनी त्याला आधी काम संपवायला सांगितले. त्याने पहिल्या बॉक्सवर पुन्हा चौदा क्रमांक लावला आणि समोरच्या काळ्या काचेवर, जिथून तो बॉक्स रिमोटची खूण ओळखत असे, तिथे काळी चिकटपट्टी डकवली. पुन्हा तालीम झाली आणि या वेळी सारे बरोबर उतरले. काकांनी रिमोट सदऱ्याच्या खिशात घातला आणि उद्या बारा वाजेपर्यंत या कोपऱ्यात कोणीही हात लावायचा नाही, असे बजावले.

रविवारी पावणेदहाला कॅसेट सुरू झाली. काका वही आणि टोकदार पेन्सिल घेऊन बसले आणि सचिवाचा शब्दन् शब्द लघुलिपीत उतरवू लागले. सचिव बोलण्यात तरबेज होता. काकांच्या घरी नवा फ्रिज कसा आला, असा प्रश्न त्याने टाकला. फ्रिज काकूंच्या शिवणाच्या पैशांतून आला होता. त्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. काकांची पेन्सिल मात्र थांबली नाही.

अकरा वाजायला दोन मिनिटे असताना निवेदिकेने सांगितले, की पुढचे संभाषण त्यांच्याच बत्तीस क्रमांकाच्या वाहिनीवर चालू राहील. काकांनी खिशातून रिमोट काढला. काकू दोन ढांगांत पुढे आल्या आणि त्यांनी त्यांचे मनगट धरले.

“दाबू नका. पट्टी नाहीये.”

सकाळी धूळ पुसताना त्यांना बॉक्सवर काहीतरी काळे, चिकट लागलेले दिसले. भावाचा नेहमीचा गबाळेपणा समजून त्यांनी ते खरवडून काढले होते. ती पट्टी आता धुळीच्या गोळ्यासह केराच्या डब्यात होती, आणि घरात दुसरी नव्हती. बॉक्सवर अजून चौदाचाच आकडा होता. एकसष्टावे मिनिट यायला सात-आठ मिनिटे उरली होती. बटण दाबावे तर गोल हातचा जाणार. न दाबावे, तर सचिव बत्तीसवर काय बोलला ते कळणार नाही.

काका रागावले नाहीत. राग यायला लागणारा वेळही नव्हता. काकूंनी बॉक्ससमोर गुडघे टेकले, त्या काळ्या काचेवर तळहात गच्च दाबला, वरून पदर गुंडाळला आणि म्हणाल्या, “दाबा आता.”

नव्या बॉक्सवर बत्तीस आले. काकूंनी करंगळी किंचित वर उचलून आपल्या बॉक्सचा आकडा पाहिला. चौदा. काका पुन्हा बटण दाबणार नव्हते, तरी बाराला पाच कमी होईपर्यंत काकूंनी हात काढला नाही. त्यांचा भाऊ अर्ध्या तासाने आला, तेव्हा त्याला वाटले, ताईला विजेचा धक्का बसला आहे.

बत्तीसवर सचिवाने आपला मुख्य मुद्दा मांडला. काकांनी तो जसाच्या तसा टिपला: “तो गोलरेषेपासून दोन हातांवर उभा होता. चेंडू बाहेर आहे हे त्याला स्वच्छ दिसत होतं. तरी त्यानं निशाण दाखवलं, याला काय म्हणायचं?”

दुपारी तिघांनी कॅसेट पाहिली. मेहुण्याने चित्र अडवून एकेक पाऊल पुढे नेले. चेंडू दांड्याला लागला, खाली आला, आणि रेषेवर टेकला. त्याचा मागचा भाग पांढऱ्या चुन्यावरच होता. चेंडू पूर्ण रेषेपार गेला, तरच गोल. तो गेला नव्हता.

काकांनी पुन्हा लावायला सांगितले. मग पुन्हा. चौथ्या वेळी मेहुण्याने यंत्र बंद केले आणि हळू आवाजात म्हणाला, “भाऊजी, उद्या वाहिनीची फीत पुसली जाईल. धावत्या चित्रात हे कुणालाच कळलं नसणार, अडवून आपण तिघांनीच पाहिलंय. त्या सचिवाकडे फ्रिजच्या गोष्टीपलीकडे काही नाही. तुम्ही फक्त गप्प राहा.”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. कॅसेट नसती, तर शब्दाविरुद्ध शब्द उरला असता, आणि एकतीस वर्षांच्या लौकिकापुढे सचिवाचा शब्द टिकला नसता. कॅसेट दिली, तर काका आपल्या हाताने सचिवाचे अर्धे म्हणणे सिद्ध करून देणार होते. काकांनी काकूंकडे पाहिले. त्यांच्या तळहातावर बॉक्सच्या कडेचा लाल वळ अजून होता.

काकू म्हणाल्या, “चार वेळा पाहिलंत. पाचव्यांदा पाहिल्यानं रेषा सरकणार आहे का?”

भाऊ चिडला. ताईला फ्रिज परत करायची हौस आली आहे, असे तो म्हणाला. काकूंनी त्याला जेवायला वाढले. काकांनी कॅसेटवर दिनांक लिहिला, ती पाकिटात घातली, आणि वहीतली लघुलिपी संध्याकाळपर्यंत टंकलिखित केली, तीन प्रतींत.

सोमवारी चौकशीला अध्यक्ष, दोन सदस्य, सचिव, काका आणि मी होतो. काकांनी आधी कॅसेट पाहण्याची विनंती केली. चेंडू चुन्यावर दिसताच सचिव हसला आणि खुर्चीत मागे रेलला. अध्यक्षांनी काकांना काही सांगायचे आहे का, असे विचारले. काका उभे राहिले.

“निर्णय चुकला. विकला नाही. याहून जास्त मला सांगता येणार नाही.”

सचिवाने लगेच आपला मुद्दा पुन्हा मांडला, की दोन हातांवर उभ्या माणसाचा निर्णय चुकतोच कसा. तेव्हा एका वयोवृद्ध सदस्याने, जे स्वतः कधीकाळी पंच होते, चित्र पुन्हा त्याच क्षणावर अडवायला सांगितले. चेंडू रेषेवर टेकलेला, आणि पडद्याच्या अगदी कडेला, गोलरेषेपासून चौदा-पंधरा पावले मागे, निशाण हाती घेऊन जिवाच्या आकांताने धावणारा अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. तिथून चेंडू तिरका दिसतो आणि आत गेल्यासारखा वाटतो, असे त्या सदस्यांनी जमिनीवर खडूने आखून दाखवले. मग त्यांनी टंकलिखित प्रत उचलून सचिवाचेच वाक्य त्याला वाचून दाखवले आणि विचारले, “दोन हात? कुणाचे?”

स्वतःची अशी धाव काकांनी आदल्या दिवशी चार वेळा पाहिली होती, पण त्यांचे लक्ष चेंडूवर होते. त्या दिवशी मात्र ते पडद्याच्या त्या कडेकडे बराच वेळ पाहत राहिले.

मंडळाने लाचेचा आरोप निराधार ठरवला. सामन्याचा निकाल नियमानुसार बदलता येत नसल्यामुळे कायम राहिला. चेंडूबरोबर धावणे आता शक्य नाही, या कारणास्तव काकांचे नाव रेषापंचांच्या यादीतून कमी करण्यात आले. त्या ठरावावर काकांनी कोणतीही हरकत घेतली नाही. माझ्या इतिवृत्तातल्या एका चुकीच्या तारखेवर मात्र घेतली, आणि ती दुरुस्त करून घेतल्यावरच सही केली.

हरलेल्या संघाच्या गोलरक्षकाला त्यांनी त्याच आठवड्यात पत्र लिहून चूक कबूल केली. तो घरी येऊन गेला, तासभर बसला. दुसरा बॉक्स मेहुण्याने परत नेला. सचिवाने वाहिनीवरून केलेल्या विधानाबद्दल पंधरा दिवसांत लेखी दिलगिरी द्यावी, असाही ठराव झाला होता. ती काकांच्या हयातीत आली नाही. काकूंनी त्यांच्यामागे मंडळाला दोनदा स्मरणपत्र पाठवले. दोन्हींची पोच मी दिली आहे, दिलगिरी अद्याप यायची आहे.