शून्य खाली घ्यायचं

तो पूल मी स्वतःच्या बोटांनी हिरवा केला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी बऱ्याच जणांकडं बोट दाखवणार आहे.

शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. दोन्ही काठ जोडणाऱ्या पुलांपैकी हा एक. कुठला ते लिहीत नाही. बाकीच्यांची अवस्था फार निराळी असेल असं मला वाटत नाही.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि पत्रकं काढायचो. घोडनदीत, म्हणजे शिरूर गावात, एका छापखान्यात उरलासुरला रंगीत कागद मिळायचा. त्यावर वाळूउपशाविरुद्ध लिहायचं आणि मांडवगण फराट्याच्या बाजारात वाटायचं. पुलांची माहिती लोकांसमोर ठेवा, ही माझी ठरलेली मागणी. एक दिवस रस्ते-पुलांच्या ऑफिसातल्या साहेबांनी मलाच बोलावून घेतलं. म्हणाले, सगळी माहिती कंप्युटरवर चढवायचीय, टायपिंग येतं ना? बाहेर ओरडतोस त्यापेक्षा आत बसून भर. मी बसलो. माहिती हातात आली की अर्धी लढाई जिंकली, असं मीच एका पत्रकात लिहिलेलं होतं.

दर उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, प्रत्येक पुलाची पाहणी व्हायची आणि एक फॉर्म भरला जायचा. कंप्युटर यंदाचे आकडे मागच्या आकड्यांशी ताडून पुलाला रंग देणार होता. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे वाहतूक बंद. पुलाच्या खांबावर फुटाफुटावर पांढऱ्या रंगानं आकडे काढलेले असतात, सगळ्यात खाली शून्य. 'नदीचा तळ कितव्या खुणेवर' असा फॉर्ममध्ये एक रकाना होता. आमच्या पुलाचे तीन वर्षांचे फॉर्म मी भरले. शून्य, शून्य, शून्य. तळ हललेला नाही. पूल हिरवा.

माझी थोरली बहीण पलीकडं, दौंडच्या अंगाला, शाळेत शिकवायची. रोज सकाळच्या एसटीनं त्याच पुलावरून जायची. अलीकडच्या वस्त्यांवरची पोरंही तिच्यासोबत त्याच गाडीत. पहिलीच्या पोरांना अंक शिकवायला ती दरवर्षी नदीवर न्यायची आणि खांबावरचे आकडे खालून वर वाचून घ्यायची. फुकटचा तक्ता. त्या फेब्रुवारीत जेवताना ती मला चिडवायला म्हणाली, "काय रे, तुझं ऑफिस पूल वाढवतंय का? पहिल्या वर्षी पोरं बावीसपर्यंत मोजायची. मग चोवीस झाले. आता सत्तावीस."

आई हसली. मीही हसलो. मग माझा हात ताटातच थांबला. पूल वाढत नसतो.

दुसऱ्या दिवशी मी चाचांना गाठलं. चाचा म्हणजे त्या रस्त्याचे मैलकुली. खड्डे बुजवायचे, गटारं काढायची, खांबावरचे आकडे रंगवायचे, हे त्यांचं काम. त्यांचे वडीलही याच रस्त्यावर होते. उभ्या तालुक्यात त्यांच्याइतकं चोख काम करणारा माणूस मी पाहिला नाही, आणि खरी गोम तिथंच होती.

आम्ही नदीत उतरलो. मधल्या खांबापाशी पाणी पोटरीएवढं होतं. खांबावरचं शून्य माझ्या गुडघ्याजवळ आलेलं. त्याच्या खाली नुसतं काँक्रीट, शेवाळ धरलेलं.

"चाचा, शून्य वर कसं आलं?"

"ते वर न्हाई आलं. खाली घ्यायचं ऱ्हायलंय," चाचा म्हणाले. "मे महिन्यात साहेब पाहणीला येत्यात. त्याच्या आधी शून्य खाली घेतो. दरसाल घेतो."

"कुणी सांगितलं?"

"आकडे तळापासनं काढायचे, आसं सांगितलंय. तळ जिथं आसंल तिथनं."

म्हणजे वाळूवाले वर्षभर नदी उपसून नेत होते, पूर उरलेलं ओढून नेत होता, आणि हा प्रामाणिक माणूस दर उन्हाळ्यात जुने आकडे खरवडून, नव्या तळापासून मोजून, देखण्या अक्षरात सगळे पुन्हा काढत होता. साहेब येऊन वाचायचे, तळ शून्यावर. खोटं कुणीच बोलत नव्हतं. पाच फूट नदी गायब झाली होती आणि कागदावर इंचभरही नाही.

तळ खाली गेल्याचं सांगितलं नाही का, म्हणून मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"सांगितलं की. तोंडानं सांगितलं. फॉर्मात कुठं तोंडानं सांगितल्यालं लिवत्यात?" मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि पाण्याखाली खांबाच्या पायाशी नेलं. काँक्रीट संपलं, तरी हात आत जातच राहिला. कोपरापर्यंत गेला. जिथं पुलाचा पाया जमिनीवर टेकलेला असायला हवा तिथं बोटांना गार पाणी लागत होतं, संथ वाहणारं. डोक्यावरून वाळूचा ट्रक गेला. त्याची थरथर माझ्या खांद्यापर्यंत आली. मी हात ओढून काढला.

साहेब वाईट नव्हते. सगळं ऐकून त्यांनी पुलाची फाईल काढली. म्हणाले, लाल यादीत नाव आलं तर उद्या पूल बंद करतो, पण हिरव्या पुलाला मला हात लावता येत नाही. मे महिन्याच्या पाहणीत खरा आकडा येऊ दे.

म्हणून मी चाचांना विनवलं, यंदा शून्य खाली घेऊ नका. त्यांची नोकरी दिवाळीपर्यंतच उरलेली. आकडे रंगवले नाहीत तर शेवटच्या वर्षात कामचुकार म्हणून शेरा बसणार. त्यांनी नखातला रंग काढत नुसतं "बघू" म्हटलं.

मे महिन्यात त्यांनी ब्रश उचलला नाही. तोवर तळ आणखी खाली गेलेला; साहेब पाण्यात उभे राहिले तेव्हा ते फिकट शून्य त्यांच्या कमरेशी होतं. त्यांनी स्वतः टेप लावला, फॉर्ममध्ये 'शून्याखाली तीन फूट' लिहिलं, सही केली. चाचांना शेरा मिळाला तो मिळालाच.

मी फॉर्म घेऊन कंप्युटरसमोर बसलो. उणे तीन टाकलं. या रकान्यात उणे आकडा चालत नाही, असं मशीन म्हणालं. पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. ज्यानं कुणी ते बनवलं, त्याच्या डोक्यात नदीचा तळ शून्याच्या खाली जाऊ शकतो हे आलंच नव्हतं. रकाना रिकामा ठेवला तर अख्खा फॉर्म परत यायचा. साहेबांनी पुण्याला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, सध्या शून्य टाका, पुढच्या वर्षी बघू.

मी शून्य टाकलं नाही. उठून बाहेर आलो. मोठं शौर्य केलं असं वाटलं. दोन दिवसांत माझ्या खुर्चीत दुसरा बसला आणि त्यानं ते टाकलं.

घरी मी ताईला म्हणालो, तू लांबच्या रस्त्यानं जा. ती म्हणाली, "मी जाईन रे. पोरांना कुठून पाठवू?"

मग मला येतं तेवढं केलं. पत्रक काढलं. घोषणा नाही, शिव्या नाहीत. बावीस, चोवीस, सत्तावीस हे आकडे आणि त्यांचा अर्थ. शिरूरच्या स्टँडवर वाटलं. बहुतेकांनी त्यात भेळ खाल्ली असणार. पण सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरमामांनी ते वाचून, घडी घालून खिशात ठेवलं.

पहिला पूर आला त्या सकाळी मी आणि चाचा पुलापाशी होतो. मामांनी गाडी अलीकडं थांबवली आणि सगळ्यांना खाली उतरवलं. पोरं एकापाठी एक, कडेकडेनं चालत निघाली, पुढं ताई. ती पलीकडं पोचल्यावर मामा रिकामी गाडी सावकाश घेऊन गेले. तेव्हापासून रोज असंच चालतं. खात्याचा हुकूम नाही, पाटी नाही.

त्या सकाळी पोरं अर्ध्यावर असताना मागून वाळूचा ट्रक आला. भरलेला. पोरं कठड्याला चिकटून उभी राहिली. मी खाली बघितलं. गढूळ पाणी बाराच्या आकड्यावर होतं. तो बारा खाली न घेतलेल्या शून्यापासून मोजलेला, त्याच्याखाली आणखी तीन फूट पाणी, ते त्या काठावर मला आणि चाचांनाच ठाऊक होतं.

ट्रक गेला. पोरं चालायला लागली.