नव्या अध्यक्षबाई जंगलातून येईनात

रविवारी सकाळी सालेकसाजवळच्या आमच्या गावात माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. आत्या पहाटे गावातल्या बायांबरोबर मोहफुलं वेचायला जंगलात गेली होती आणि ऊन अंगणभर झालं तरी परतली नव्हती...

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. शाळा चौथीपर्यंत. गावापासून तालुका, जिल्हा करत करत ती परवा मोहफुलं-तेंदूपत्ता वेचणाऱ्यांच्या देशभराच्या संघटनेची अध्यक्ष झाली... पहिली बाई! वेचणाऱ्या बहुतेक बाया आणि अध्यक्ष आजवर सगळे पुरुष, हीसुद्धा एक गंमतच.

दुपारी गोंदियाहून तिची दिल्लीची गाडी होती. अध्यक्ष म्हणून पहिलीच बैठक. आज जंगलात जाऊ नकोस म्हणून परोपरीनं सांगितलं, पण ऐकेल ती आत्या कसली!

मोहाच्या दिवसांत अस्वलंही फुलं खायला येतात. फोन लावला, तर तो घरातच खाटेवर वाजला...

तेवढ्यात समोरून शेजारची वच्छलाकाकू हंडा घेऊन आली. आत्याबरोबरच गेली होती ती! मी धावत जाऊन विचारलं, आत्या कुठंय?

"काऊन? आली नाही का अजून?" आणि तिनं एकदम कपाळावर हात मारला. "अवं माय! पोट दुखून राहिलं होतं म्हणून मी मधातूनच घरी आली. कोणाले सांगतलंच नाही... माह्यासाठीच थांबून राहिली असन!"

आमच्याकडे निघायच्या वेळी बाया एकमेकींना हाका मारतात. सगळ्यांची ओ आल्याशिवाय कोणी जंगल सोडत नाही.

हंडा तिथंच टाकून काकू पळाली, मागे मी. जंगलाच्या कडेला उभी राहून ती बेंबीच्या देठापासून ओरडली... काहीच नाही. पुन्हा ओरडली. माझ्या मनात नको नको ते येत होतं.

आणि मग लांबून, आतून, आत्याची ओ आली. मी तिथंच मटकन बसले.

बऱ्याच वेळानं सगळ्या बाया बाहेर आल्या. आत्या सर्वांत मागे, घसा बसलेला, हातापायांवर काट्यांचे ओरखडे. मला वाटलं, आता काकूची काही खैर नाही.

"पोट कसं आहे तुयं?" एवढंच विचारलं तिनं.

गाडी अर्थातच चुकली. दिल्लीची माणसं काय म्हणतील, म्हणून मी चरफडत होते.

"म्हणू दे," आत्या म्हणाली. "एका बाईची ओ आली नव्हती. कशी येऊ मी?"

आत्याच्या मीटिंगा संपता संपत नाहीत, अशी संघटनेत कुरकुर असते. कोपऱ्यातली शेवटची बाई बोलेपर्यंत ती उठतच नाही म्हणे. मीही त्यावर हसत आले...

रात्रीच्या गाडीत तिला बसवताना मात्र भर प्लॅटफॉर्मवर तिच्या पाया पडले. आपली ओ आली नाही तर थांबणारं कोणीतरी दिल्लीला चाललंय, याचं फार बरं वाटलं.