कडेगावला मी उतरले नाही

आई, वडूजच्या स्टँडवर तू मला सांगलीच्या एसटीत बसवलंस, ते वाटेत कडेगावला सासरी उतरण्यासाठी. माझ्या ब्लाऊजमधून रक्त येत होतं. कॅन्सरमुळे साताऱ्याला ऑपरेशन करून डावी छाती काढली होती आणि टाके ओले असतानाच नवऱ्यानं तिथं लाथ घातली होती. दुसरी आणायची होती त्याला. तू माझा पदर सारखा केलास आणि खिडकीतून म्हणालीस, "सोस गं बाई. दिल्या घरीच मरावं बाईनं." कडेगाव आलं. मी उतरले नाही. कंडक्टरकडून पुढचं तिकीट घेतलं.

सांगलीनं आधी मला आतून कडी लागणारी एक खोली दिली, मग मार्केट यार्डात हळद निवडायचं काम. ऑपरेशनआधीच्या केमोनं गेलेले केस परत आले, तेही कुरळे. पण गावाकडं मुकाट मार खाणारी मी इथं रिक्षावाल्याशीसुद्धा हमरीतुमरीवर यायचे. कुणी मागून आलं की हात आपोआप उठायचा. बायका म्हणायच्या, हिला झपाटलंय. झपाटलंय कसलं, इतक्या वर्षांचा मार अंगात मुरला होता.

आमच्या अडतीत माल तोलायला सुकुमार मापाडी होता. जैन, बायको वारलेली, स्वभावानं गरीब. माझी औषधाची गोळी चुकली की माझ्याआधी त्याला कळायचं. एक दिवस वजनकाट्याशी उभं राहून त्यानं विचारलं, "सुमनबाई, माझ्यासंगं लगीन करतासा का?" मी छातीचं सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "म्या तुमास्नी इचारलंय, छातीला न्हवं." मला तो आवडायला लागला होता, आणि त्याचीच भीती वाटत होती.

त्याच आठवड्यात माझ्या केसात अडकलेली काडी काढायला त्यानं मागून हात पुढं केला. मी लोखंडी घमेलं उचललं आणि त्याच्या डोक्यात घातलं. कपाळ फुटलं. तो पोत्यांवर पडला तरी मी थांबले नाही, पहिल्या नवऱ्याचं नाव घेऊन शिव्या देत खांद्यावर आणखी एक हाणलं. हमालांनी मला ओढलं. भानावर आले तशी मीच मूठभर हळदीची भुकटी त्याच्या जखमेत दाबली. हळद निवडणारी म्हातारी तानूमावशी म्हणाली, "लग्नाआधीच हळद लागली की वो नवऱ्याला." सगळे हसले.

मी त्याला म्हटलं, "बघितलासा न्हवं? घरात बी आसंच हुईल. दुसरी बघा."

"हुईल की," तो डोळ्यातलं रक्त पुसत म्हणाला. "म्या हात फुडं करायच्या आधी सांगत जाईन."

पहिल्याशी फारकत घेऊन लग्न झालं, तू आली नाहीस. स्वभावानं गरीब असला तरी रागात तोही कमी नाही. मध्यंतरी भांडणात त्यानं जेवणाचं ताट भिंतीवर आपटलं. मी विळी उचलली. आई, मी ती चालवली असती. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मटकन खाली बसला, दोन्ही तळवे फरशीवर टेकले. "हात खाली हाइत बघ," म्हणाला. विळी हातात घेऊन मी ढसाढसा रडले. भात त्यानंच गोळा केला.

परवा फोनवर तू पहिल्यांदाच विचारलंस, "तुजं घर कसं हाय गं?" आता सांगते. दोन खोल्या आहेत, ओट्यासमोर भिंत आहे. तो मागं वावरत असला तरी मी त्याच्याकडं पाठ करून भाकरी थापते.